झंझावात उशिरा येतो

मेधा : ...म्हणून मालकांनी मला मुद्दाम नांद्याला पाठवलं, सर. आपल्या मासिकात एकतीस वर्षं ‘वीर झंझावात’ची चित्रकथा चालू आहे. पण दिवाळीनंतरच्या चार अंकांवर जेवढी पत्रं आली, तेवढी आधीच्या दहा वर्षांत आली नव्हती.

हैबतराव : आधीच्या दहा वर्षांत तीन आली होती. त्यातलं एक माझ्या मेव्हण्याचं.

मेधा : मी संपादक म्हणून नवीन आहे. मला एवढंच जाणून घ्यायचंय, ही नवी दिशा तुम्हाला सुचली कशी?

हैबतराव : दिशा कसली, मेधा! गेली आठ वर्षं मी एकच स्फोट काढतोय. कधी डावीकडून, कधी उजवीकडून. खलनायकाच्या मिश्या जरा वळवल्या की झाला नवा खलनायक.

मेधा : पण फेब्रुवारीचा अंक! झंझावात पहिल्यांदाच उशिरा पोचतो. जेसीबीनं त्या बाईचं भाताचं खाचर सपाट केलेलं असतं. तो उडत येतो आणि नुसता तिच्याशेजारी बसतो. मी ऑफिसात रडले, सर.

हैबतराव : चहा घेणार?

मेधा : विषय बदलू नका. मालक तुमचा सत्कार करणार आहेत. शाल, श्रीफळ, सगळं ठरलंय.

हैबतराव : अरे देवा. मग आता सांगावंच लागणार.

(गोजराबाई दुधाची किटली घेऊन दारात येतात.)

गोजराबाई : दूध आनलंय. पावनं हायेत व्हय?

हैबतराव : या, गोजराबाई. या आमच्या मासिकाच्या संपादक, मेधाताई. मेधा, तुमची नवी दिशा ही. रोज सकाळी दूध घालते.

मेधा : म्हणजे?

हैबतराव : दिवाळीला माझं डोकं पार रिकामं झालं होतं. कोऱ्या कागदापुढे बसलो होतो. या म्हणाल्या, तुमचा ह्यो उडनारा बाप्या आमच्या गावात कदी येत न्हाई का? मी म्हटलं, आला तर काय करेल? त्या रोज थोडं सांगत गेल्या, मी काढत गेलो. आणि खाली नाव घातलं माझं.

गोजराबाई : आन् त्ये छापलं तुमी?

हैबतराव : छापलं.

गोजराबाई : समदं? दिरानं मला न इचारता खाचर इकलं, त्ये बी?

हैबतराव : दिराला खलनायक केला. मिश्या लावल्या.

गोजराबाई : मिश्या न्हाईत त्याला.

हैबतराव : जुनी खोड, बाई. माफ करा. मिश्यांबद्दल नाही, तुम्हाला न विचारता छापल्याबद्दल. माझ्या कथेत असल्या माणसाला झंझावात तिसऱ्या पानावर पकडतो.

मेधा : मावशी, एक विचारू? तो उशिरा का आला?

गोजराबाई : ज्ये झालं त्ये सांगितलं. येळेवर कुनीच आलं न्हाई. जेसीबी गेल्यावर मी एकटीच बांधावर बसले हुते. कुनी येऊन नुसतं शेजारी बसलं आसतं तरी बरं वाटलं आसतं. म्हनून त्याला आनला.

मेधा : घोटावड्याच्या एका मुलीनं लिहिलंय, त्याला लगेच उडून जाऊ देऊ नका. अजून थोडा वेळ बसू दे.

गोजराबाई : पोरगी शानी हाय.

मेधा : तुम्हाला राग आला असेल तर आम्ही ही गोष्ट थांबवू.

गोजराबाई : राग आलाय की. मला निदान दाकवायचं तरी. पन थांबवू नका. त्याला जरा जेवाया घाला. चार म्हैनं उपाशी हिंडतोय.

हैबतराव : एकतीस वर्षं, बाई. मी त्याला एकदाही जेवू घातलं नाही. मेधा, मालकांना सांगा, सत्कार राहू द्या. आणि पुढच्या अंकावर कथा म्हणून यांचं नाव घाला. माझ्या नावाच्या वर.

गोजराबाई : माजं कशाला? मी नुसतीच बोलले.

हैबतराव : मी नुसतीच चित्रं काढली.