टोपीतला गळ

मी मूळचा रिठदचा. वावर थोडं अन् आमी भाऊ चार, म्हनून मायनं मले मामाकडं पैनगंगेच्या काठी पाठवलं. काय सांगू तुमाले, त्या मामानं मले मास्तरापेक्षा जास्त शिकवलं. पान्यावर सावली पडू द्याची नाई, दोरीले बांधलेला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा पयल्यांदा हालला का वढाचं नाई, मासा चाखते, सोडते, पुन्हा येते, तवा ढील द्याची, अन् ज्याले दम नाई त्यानं घरी चुलीपाशी बसावं, असं मामा म्हने अन् वरून एक चापट मारे. मासा भेटो का न भेटो, मले त्या बसन्याचं येडच लागलं.

मंग वाशीमले एका जैन सेठच्या कापडाच्या दुकानात लागलो. सेठनं पयल्याच दिवशी इचारलं, नामदेव, मांसमच्छी खाता काय? मी म्हटलं, नाई सेठजी. कायले बोललो खोटं? पोटासाठी, अन् दुसरं काय. दुकान बंद असलं का मी नदीवर, अन् वाटेत कोनी भेटलं का म्हनाचं देवाले चाललो. गळ टोपीच्या घडीत खोसून ठेवो, खिशात तो बोटाले लागे.

दुकानात बाकीचे गडी गिऱ्हाईक पायरी चढलं नाई तं या बाई, बसा बाई करत. मी आपला एक लुगडं उलगडून ठेवो अन् दुसरीकडं पाहो. बाईनं हात फिरवला, गेली, फिरून आली, का मंग पदर पुढं सारो. सेठ म्हने, नामदेव, हा दम तू कुठं शिकला? मी म्हनो, मामानं शिकवला. तेवढं तं खरंच होतं.

असे चार वर्सं गेले अन् शिरपूरकडच्या एका पाटलाच्या पोरीचा बस्ता आला. बस्ता म्हंजे पुऱ्या लग्नाचं कापड एकाच दुकानातून. दोन गाड्या मानसं, अन् समोरच्या दुकानदारानं बी गादी झाडून ठेवलेली. पाटील नुसता पान खाये, ठरवनार ती पाटलीनबाई. सेठ माझ्या कानात म्हने, हा बस्ता समोर गेला तं ते गाव आपल्या पायरीवर पुन्हा येत नाई.

पाटलीनबाईनं शालूवर हात फिरवला अन् उठली, समोर गेली. सेठ मले डोळ्यानं खुनवून राह्यला, बोल, हाक मार. मी दुसरीकडं पाहून राह्यलो. आली परत. बसली, पुन्हा उठली, पुन्हा बसली, अन् तिसऱ्यांदा तिनं शालूचा पदर मांडीवर वढला. आता, म्हटलं, अन् पदर पुढं साराले वाकलो तं टोपी पडली शालूवर, अन् गळ बसला जरीत.

कोनी वढलं असतं तं जरीचा पदर फाटला असता. गळ ज्या वाटेनं आत गेला त्याच वाटेनं मागं सारा लागते, हे मामानं माझ्याच आंगठ्यातून गळ काढून शिकवलेलं. मी ढील देली, दाबून मागं सारला, निंघाला. पन जरीचा एक धागा वर आला अन् त्या धाग्यावर माझा आंगठा. पाटलीनबाई म्हने, काय बाप्पा हे, सुई हाय काय? हो म्हटलं असतं तं निभलं असतं. पन चार वर्सं ते एक खोटं डोक्यावर घेऊन फिरलो होतो, थकलो होतो मी. म्हटलं, सुई नाई बाई, मासे धराचा गळ हाय, माझाच. अन् हा शालू घेऊ नका, इथं धागा निंघाला, अन् आंगठा उचलला.

ती धाग्याकडं पाहे अन् माझ्याकडं पाहे. मंग म्हने, दुसरा दाखव. पुरा बस्ता आमच्याकडंच बांधला तिनं, पन गाठोडे बांधताना सेठ माझ्याकडं पाहे नाई.

गाड्या गेल्यावर बोलला. म्हने, तू घरी काय खातं ते मी पाह्यले येत नाई. धागा दाखवला ते बेस केलं. गळाले लागलेला मासा दुसऱ्यांदा येत नाई, गिऱ्हाईक पुन्हा आलं पायजे. पन माझ्यापासून चार वर्सं झाकून ठेवलं नामदेव. उद्यापासून येऊ नको.

वर्सभर रिठदले दुसऱ्याच्या वावरात राबलो. अन् एक दिवस सेठची बैलांची दमनी माझ्या दारात. गाडीवानानं सांगतलं, पाटलीनबाई धाकट्या पोरीच्या बस्त्याले आलती, म्हने तो गळवाला आल्याशिवाय मी कापडाले हात लावत नाई. मी गेलो. सेठ एवढंच म्हने, टोपी काढ. मी काढली, त्याच्यासमोर झटकली. म्हने, बस गादीवर.

आता सेठ नाई, पोरगा दुकान पाहाते. मी नदीवर जातो, पन सांगून जातो. परवा त्या पाटलीनबाईच्या नातीचा बस्ता होता. पोरगी शालूवर हात फिरवून उठली, समोरच्या दुकानात गेली. सेठचा पोरगा घाबरला, म्हने नामदेवकाका, हाक मारू काय? म्हटलं, बस बापू. बसलो दोघं, तो पायरीकडं पाहे अन् मी दुसरीकडं. आली तं थेट माझ्यापुढं बसली, म्हने आजोबा, धागा तेवढा पाहून द्या. आता कुठं दिसते मले धागा? मी पुऱ्या पदरावर आंगठा फिरवून पाह्यला, कुठंच अडला नाई, मंग म्हटलं, ने माय, सुखी राहा.