हिरव्याचे चौदा सेकंद

— छे हो, मार्गदर्शक वगैरे तुमच्या फॉर्मवर. मी नुसता बसतो इथे. तुम्हीही बसा — तिकडे नको, ओलं आहे. तुमची संस्था म्हणे सामाजिक कामं करणाऱ्या पोरापोरींना मदत देते आणि प्रत्येकाला एक म्हातारा जोडून देते. तो म्हातारा मी. तीस वर्षं सिग्नल खात्यात वायरमन होतो. आणि ती एकोणीस वर्षांची पोरगी मला म्हणते कशी, "काका, हॉस्पिटलसमोर बसायचं आणि कोण किती सेकंदांत रस्ता ओलांडतं ते लिहायचं." हे घड्याळ माझ्या गळ्यात अडकवून मोकळी. मी तिला कप्तान म्हणतो. तोंडावर नाही.

मदत काय केली? लिहा — शेंगदाणे खाल्ले, दोनशे बारा माणसं मोजली. काठीवाल्यांना लागतात सव्वीस सेकंद, आणि हिरवा दिवा राहायचा चौदा. अर्ध्यात पोचले की लाल, वर गाड्यांचे भोंगे. हा तक्ता घेऊन कप्ताननं सिग्नल खात्याच्या साहेबांना पाचदा गाठलं. साहेब म्हणाले, तू लहान आहेस. ही म्हणाली, दर खेपेला थोडी मोठी होऊनच येते. आता अठ्ठावीस सेकंद आहेत — मोजा हवं तर.

हेच काम का? तिची आई, दुसरं काय. दोन वर्षांपूर्वी तपासणीला आली, मधोमध सापडली, टेम्पोचा धक्का, खुब्याचं हाड मोडलं. दुसरी असती तर रडत बसली असती. ही सेकंद मोजत बसली.

चौदा कुणी ठेवले? — जुनी गोष्ट हो ती. कुणीतरी ठेवतंच. सिग्नलची पेटी बसवायची, एकदा स्वतः चालून बघायचं, वेळ लावायची. तिशीतला गडी असेल, गुडघे धड, दहात पोचला — वर चार दिले उदार होऊन. घरी जायची घाई असेल. मला काय माहीत? म्हणजे, खात्यात तसंच चालायचं. पेटीच्या दाराला आतून कार्ड असतं, त्यावर वेळ लावणाऱ्याची सही. अठ्ठावीस लावायला नव्या वायरमननं पेटी उघडली तशी कप्ताननं वाकून बघितलं. "काका, ही खाली दोन रेघा ओढलेली सही कुणाची?" म्हटलं, होता एक, बदली होऊन गेला. तिनं मोबाइलवर फोटो काढून ठेवला. कशाला, देव जाणे. तेव्हापासून मी इथे एक दिवस चुकलेलो नाही. ताप होता तेव्हासुद्धा नाही.

हे कशाला लिहिताय? खोडा.

— इथे सही? अंगठा चालेल का? नाही? आणि नाहीच केली तर? ... हं. म्हणजे दुसऱ्या वर्षाची मदत बंद, तिच्या यादीतले उरलेले अकरा सिग्नल आहेत तसेच. आणि हा कागद जातो कुठे? प्रत तिला. बरं. तिलाच का पण — बरं, बरं.

द्या पेन. ... झाली. खाली दोन रेघा ओढायची सवय आहे मला, पहिल्यापासून. त्या राहू द्या.

निघा आता. ती बघा, समोरून येतेय — तीच कप्तान. कागद तुम्हीच द्या तिला. आणि धावू नका, अठ्ठावीस सेकंद आहेत. मी बसलोय इथे.