चारच्या आतला फोन

उद्या आपल्या घराचा दावा कुठल्या खोलीत चालणार, ते युसेबियो आजच पाहून ठेवायला आला होता. कोर्टाच्या तळमजल्यावर कॉफीच्या रांगेत त्याच्या पुढे दोघी उभ्या होत्या, तालीन आणि नोरीन. न्यायाधीशांसाठी कायदा शोधून मसुदे लिहिणं हे त्यांचं काम.

"अठरा पानं लिहिली मी, नोरीन. अल्डर रस्त्यावरच्या म्हाताऱ्याला घराबाहेर काढता येत नाही, असं लिहिलं."

"मग?"

"साहेबांनी शेवटचं पान तेवढं बदललं. निकाल उलटा, आणि वेबसाइटवर लावूनही टाकला."

"कच्चाच आहे ना तो? फोन करून हरकत घेतली की उद्या ऐकावंच लागतं."

"आज चारच्या आत. नाहीतर तोच पक्का. हे त्याला सांगणार कोण? वकील नाही त्याला. उद्या इस्त्रीचा शर्ट घालून येईल आणि सगळं संपलेलं असेल."

"बाई," मागून युसेबियो म्हणाला, "हा फोन कुठल्या नंबरवर करायचा?"

तालीनने वळून त्याच्या हातातल्या कोर्टाच्या कागदावरचा अल्डर रस्त्याचा पत्ता पाहिला आणि तोंड फिरवलं.

"नोरीन, सात नंबरच्या खोलीच्या दारावर फोन नंबर लावलाय ना?"

"लावलाय."

"आणि चारला अजून आठ मिनिटं आहेत."

"हळू बोल. पक्षकाराशी बोललीस तर नोकरी जाईल."

"मी तुझ्याशी बोलतेय."

कॉफीवालीने त्या दोघींना कप दिले आणि "पुढचे" म्हणून हाक मारली. मागे कोणी नव्हतं.