महाबळेश्वरपर्यंतचा कोट

पोलादपूर स्टँडवर माझ्या शेजारच्या बाकावर दोघी म्हाताऱ्या बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर लांब, राखाडी कोट होता.

“राहीबाय, ह्या उन्हात कोट कुणाचा गो?”

“माझाच. लेकीनं पाठवलान, नॉर्वेतनं. हात लावून बघ.”

“अगो बाय, मांजराच्या पिल्लासारखा मऊ हाय!”

“मेंढीची लोकर, बकरीचे केस नि रेशीम, सगळं एकत्र इणलंय.”

“बकरीचे केस? आमच्या बकऱ्यांना तर कोण इचारीत नाय!”

“सोनाली मला बाळंतपणाला नेणार होती, म्हणून घेतलान. पण माझा व्हिसाच झाला नाय. नात आता रांगाय लागली.”

“मंग आज कुठं चाललीस?”

“महाबळेश्वरला.”

“कोट घालून फोटो काढायला?”

“कोट मागनं घालीन. आधी तशीच उभी रहाणार. पोर म्हणते, आई, थंडीची सवय झाली. ती सवय करताना काय सोसलान, ते मला बघायचंय.”

“येडी काय गो तू! तिकडची थंडी नि महाबळेश्वरची थंडी एक हाय का?”

“नाय. पण एसटी तिथवरच जाते.”