सगळ्यांचा एकच दात

दाताच्या दवाखान्यात एक आजी सुजलेला गाल धरून आपल्या नंबराची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर दवाखान्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मॅडम आणि त्यांच्या हाताखालचा नवा इंजिनिअर बसले होते. डॉक्टरांनी दोघांना तातडीनं बोलावून घेतलं होतं.

"काढायच्या दाताचा नंबर तू ठेवलास कुठे?"

"क्लास व्हेरिएबलमध्ये, मॅडम."

"वा! म्हणजे अख्ख्या गावाला मिळून एकच दात."

"पण प्रत्येक पेशंटचा ऑब्जेक्ट वेगळा केलाय ना मी."

"उपकार झाले. अरे, क्लास व्हेरिएबल सगळ्या ऑब्जेक्टांत, म्हणजे सगळ्यांच्या नोंदींत, सामाईक असतं. शेवटच्या पेशंटची अक्कलदाढ लिहिली, की सगळ्यांच्या नावापुढे तीच. अक्कल वाटता येत नाही म्हणतात, तू दाढ वाटलीस."

"मग लोकल करू?"

"कर की! लोकल त्या फंक्शनपुरतंच जगतं, तेवढं काम संपलं की दाताचा नंबर गायब. डॉक्टर खुर्चीपाशी पोचेपर्यंत पेशंट बोळका."

"मग ठेवू तरी कुठे?"

"ज्याचा दात, त्याच्याच ऑब्जेक्टमध्ये. देवानंसुद्धा तसंच केलंय."

"पण मी तपासलं तेव्हा बरोबर येत होतं हो."

"किती पेशंट घालून तपासलंस?"

"एक."

"शाबास!"

"मॅडम, कुणाचा भलताच दात तर नाही ना गेला?"

"अजून तरी नाही. डॉक्टर कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघून दात काढायला आजच लागलेत."

तेवढ्यात नर्सनं दारातून हाक मारली, "आजी, चला, तुमचा नंबर."

आजी जागच्या हलल्या नाहीत.

"येते गं बाई. आधी डॉक्टरांना तो पडदा बंद करायला सांग. दात मी बोटानं दाखवीन."