धणे कोणी आणायचे?

लालबागला मसाल्याच्या गिरणीवर रांग होती. अक्षदाच्या पुढेच गुणाजी आणि हितेंद्र असे दोन काका सामायिक मसाल्याची पिशवी पायाशी ठेवून तावातावाने बोलत होते. तिने कानातले इअरफोन काढले.

"गुणाजी, देशाचा फुटबॉल पार गाळात गेलाय. फेडरेशनला कारभार कळणारा माणूस पायजे."

"कारभाऱ्यांनीच घातलाय गाळात! ज्यांनी देशासाठी गोल मारले, त्यांच्या हातात द्या."

"गोल मारणं वेगळं, मैदान बुक करणं वेगळं. तुला मंडळाचा अध्यक्ष का केला आपण?"

"कबड्डीत अख्खं परळ गाजवलं होतं म्हणून."

"आणि पहिल्याच वर्षी विसर्जनाची ट्रॉली सांगायला विसरलास!"

"बाप्पा चौपाटीवर पोचले ना पण?"

"आमच्या खांद्यांवरून!"

"मी एक हाक मारली नि सगळी गल्ली धावली. तुझ्या हाकेला कोण आलं असतं रे, हितेंद्र?"

"…कोणी नाय."

"मग?"

"मग काय, अध्यक्ष तूच राहा. यादी, पावत्या, ट्रॉली मी बघतो. फेडरेशनमध्ये पण असंच करावं."

तेवढ्यात गिरणीवाल्याने त्यांची पिशवी उघडली.

"काका, मिरच्या आहेत, खडा मसाला आहे. धणे कुठायत?"

हितेंद्रने खिशातली यादी काढली, वाचली आणि परत खिशात घातली.

"धणे तुझ्याकडे होते ना रे, कारभाऱ्या?" गुणाजी हसला. मग रांगेकडे वळून त्याने खणखणीत आवाज लावला, "मंडळी, किलोभर धणे जास्तीचे आहेत का कोणाकडे?"

चार पिशव्या पुढे आल्या. पहिली अक्षदाची होती.