नाही म्हणालीस ते बरं झालं

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. एक मालिश करणारी आणि एक म्हातारी. फार दिवसांनी भेटत होत्या.

"काकू, अजून रागावलाय का माझ्यावर?"

"रागावले होते की! पाच वर्षं माझी पाठ चोळलीस आणि एक दिवस फोनवर सांगितलंस, आता जमणार नाही."

"काय करू? अंगठा इतका दुखायचा की बाटलीचं झाकण उघडेना. डॉक्टर म्हणाले, निम्मी कामं सोड, नाहीतर सगळीच सुटतील. तुम्हाला नाही म्हटलं आणि फोन ठेवून रडले मी."

"मी घरात आदळआपट केली. तेव्हा सून म्हणाली, पालथ्या पडा, मी चोळते."

"सून? तुमचं तर बोलणंच नव्हतं ना?"

"दोन वर्षं नव्हतं. पहिल्या दिवशी तर कणीक तिंबावी तशी तिंबली तिनं मला! मी ओरडले, ती हसली, मग मलाही हसू आलं. तोंड उशीत होतं म्हणून बोलता आलं बघ. समोरासमोर नसतं जमलं. तुझे उपकार आहेत गं."

"आणि मी वर्षभर मनाला लावून घेतलं! आता दिवसाला चारच जणी घेते, मधे हात शेकते. अंगठा बरा आहे. या ना पुन्हा."

"नको, आता सूनच बरी. पण तुझी पाठ कोण चोळतं?"

"माझी? कुणी नाही."

"मग ये की आमच्याकडे. चांगला हात बसलाय तिचा."